स्तनातील गाठ : निरीक्षण की बायोप्सी?

स्तनातील गाठीची खात्री करावयाची म्हणजे शस्त्रक्रियेने तुकडा काढावयाचा, अशी दीर्घकाळ स्थिती होती. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये मार्टिन व एलिस यांनी सुईने पेशी काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे हस्तपरीक्षा, सोनोग्राफी वा मॅमोग्राफी आणि सुईची तपासणी ही तिहेरी परीक्षा रूढ झाली. तिन्हींचा निष्कर्ष सौम्य असल्यास गाठ न काढता तिचे निरीक्षण करणे शास्त्रसंमत ठरले. परंतु निरीक्षण म्हणजे पुनर्भेट, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांत केलेल्या कर्करोगशोधाच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांची तपासणी करीत. सुरगाणा वा पेठ येथील स्त्रीला त्यासाठी मजुरी बुडवून नाशिक गाठावे लागत असेल, तर ‘सहा महिन्यांनी या’ हा सल्ला केस पेपरवरच राहतो.