घाटातलं उलटं स्टेशन

भुसावळहून हुतात्मा एक्स्प्रेसनं मी लेकीकडे पुण्याला जायचे, तेव्हा गाडी कर्जतहून बोरघाट चढायची. या घाटात, खंडाळ्याच्या अलीकडे उल्हास नदीच्या खोल दरीवर, एका जुन्या स्टेशनाचे अवशेष आहेत. त्याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत.

चढ इतका, की काही ठिकाणी सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. गाडी वळवायला जागा नाही. म्हणून ती सपाटीवर थांबायची, इंजिन सोडून मागच्या टोकाला जोडायचं, आणि शेवटचा डबा पहिला होऊन गाडी निघायची. निऱ्या घालताना पदर कसा उलटसुलट दुमडतो, तसा तो रस्ता. आपल्या वाटेवरच्या कसारा घाटातही असंच स्टेशन होतं. म्हणजे मुंबईला निघालेली आपली पणजीसुद्धा तिथं उलटी फिरली असेल!

बोरघाटाचं काम 1856 साली सुरू झालं. 25 बोगदे खणायचे होते. 1859 मध्ये मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला आणि पहिल्या कंत्राटदारानं काम सोडलं. मग विलायतेहून सॉलोमन ट्रेडवेल आले, आणि काही आठवड्यांतच वारले. त्यांची बायको अ‍ॅलिस परत गेली असती तर कोण काय म्हणणार होतं? तिनं कंत्राट सोडलं नाही. जाणकार इंजिनिअर नेमले आणि काम तडीला नेलं. 1863 मध्ये घाट खुला झाला.

अ‍ॅलिसचं कौतुक मलाही आहे. पण सुरुंग तिनं लावले नाहीत. कड्यावरून दोरानं लोंबकळत दगडाला भोकं पाडणारे गडी आपलेच, आणि फोडलेला दगड पाटीनं वाहणाऱ्या बायाही आपल्याच. लहान पोरंही कामावर होती. 1861 मध्ये तिथं 42,000 वर माणसं राबत होती. पटकीनं कितीतरी मेली. त्यातल्या एकाही पाटीवालीचं नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही.

1929 मध्ये नवा मार्ग झाला आणि स्टेशन ओस पडलं. मुंबईहून एक्स्प्रेसवेनं पुण्याला जाल तेव्हा, पूर्वी अमृतांजन पूल होता तिथं, खिडकीबाहेर बघा. काळ्या दगडाचं ते जुनं बांधकाम अजून उभं आहे.