कंपनीनं दिलेल्या गाडीचं चलन कोण भरतं? आणि अपघात झाला तर कोण अडकतं?

ऑफर लेटरमध्ये 'कार लीज' हे शब्द दिसले की पहिला हिशोब होतो तो टॅक्सचा. हप्ता पगारातून परस्पर कापला जातो, इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंगचं कंपनी बघते. पण गाडी चालवणाऱ्याकडून कायदा काय मागतो, हे पहिलं चलन येईपर्यंत फारसं कुणी विचारत नाही.

मुळात गाडी असते कुणाची?

मोठ्या कंपन्यांमध्ये साधारण पद्धत अशी असते. लीजिंग कंपनी गाडी विकत घेते, काही वर्षांसाठी तुमच्या कंपनीला भाड्यानं देते आणि कंपनी ती तुम्हाला वापरायला देते. त्यामुळं आरसीवर बहुतेक वेळा तुमचं नाव नसतं. काही योजनांमध्ये मात्र असतं. म्हणून गाडी ताब्यात घेताना आधी आरसी बघायची, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी त्या एका नावावर ठरतात.

नोंदणी आणि विमा चालू ठेवणं हे मालकाचं काम. लायसन्स, वेग, सीटबेल्ट, मोबाइल, दारू हे सगळं चालवणाऱ्याच्या खात्यावर. अडचण अशी, की पोलीस अडवतात तेव्हा समोर एचआर नसतं, तुम्ही असता. विमा नसलेली गाडी रस्त्यावर वापरणाऱ्यालाही मोटार वाहन कायदा, १९८८ दोषी धरू शकतो. त्यामुळं विमा आणि पीयूसीच्या तारखा स्वतःच्या मोबाइलमध्येही टाकून ठेवलेल्या बऱ्या.

लायसन्सचंही तसंच. मुदत संपल्यावर पूर्वी मिळणारी ३० दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. आता मुदत संपली की लायसन्स तिथंच संपतं आणि त्या काळात गाडी ठोकली तर नुकसानीचा क्लेम अडकू शकतो.

चलन फिरत फिरत येतं

कॅमेऱ्यानं काढलेलं ई-चलन आरसीवरच्या नावानं निघतं. म्हणजे ते आधी लीजिंग कंपनीकडे, तिथून तुमच्या ऑफिसात आणि मग पगाराच्या स्लिपवर. काही करारांमध्ये त्यावर वेगळा प्रोसेसिंग चार्जही लागतो. गाडी कोण चालवत होतं, असं पोलिसांनी विचारलं तर ती माहिती देणं कलम १३३ नुसार मालकाला बंधनकारक आहे. कंपनी तुमचं नाव देणार, यात दगाबाजी काही नाही. चलनाचा निरोप येण्याची वाट बघण्यापेक्षा परिवहनच्या ई-चलन साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकून अधूनमधून तपासता येतं.

दारूच्या बाबतीत दंड भरून सुटका नाही. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे प्रकरण कोर्टात जातं आणि तिथं उभं राहावं लागतं चालवणाऱ्यालाच.

अपघात झाला तर?

जखमीला उपचार मिळवून देणं, पोलिसांना शक्य तितक्या लवकर आणि जास्तीत जास्त २४ तासांत कळवणं, विमा कंपनीला माहिती देणं ही कलम १३४ नं चालकावर टाकलेली कामं आहेत. जमाव अंगावर येत असेल तर जखमीजवळ थांबलंच पाहिजे असं नाही, एवढी सवलत कायद्यात आहे. पण तिथून निघालात तर थेट पोलीस ठाणं गाठायचं, घर नाही. ऑफिसला फोन केला म्हणजे हे काम झालं, असं होत नाही.

भरपाईचा भार बहुतेक वेळा थर्ड पार्टी विम्यावर आणि मालकावर येतो. फौजदारी गुन्हा मात्र चालकावरच. निष्काळजीपणामुळं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

आणि ज्याकडे जवळपास कुणाचंच लक्ष जात नाही, अशी गोष्ट पुढेच आहे. स्वतःच्या नावावरच्या गाडीला 'ओनर-ड्रायव्हर' म्हणून १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर मिळतं. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर हे कव्हर मिळत नाही, कारण कंपनीकडे ड्रायव्हिंग लायसन्स असूच शकत नाही! मग चालवणाऱ्याला काही झालं तर कुटुंबाच्या हाती काय येणार? ऑफिसच्या ग्रुप अपघात विम्यात खासगी प्रवास धरलाय का, हे लेखी विचारून घ्यावं. नसेल तर स्वतःची वेगळी पॉलिसी काढलेली बरी.

बायको, भाऊ, मित्र यांनी चालवली तर चालेल?

विम्याला सहसा वैध लायसन्सवाला कुणीही चालतो. कंपनीचा करार त्याहून कडक असू शकतो. काही ठिकाणी फक्त जोडीदाराला परवानगी असते, काही ठिकाणी तीही नाही. लायसन्स नसलेल्याच्या हाती किल्ली दिली तर कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कलम मालकाबरोबरच गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यालाही लागतं, म्हणजे तुम्हालाही. वीकेंडला पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी भाड्यानं देण्याचा उद्योग तर नकोच. परमिटशिवाय भाडं घेतलं तर गुन्हा होतो आणि नुकसानीचा क्लेमही नाकारला जाऊ शकतो.

बदली झाली किंवा नोकरी सोडली

बंगळुरूत नोंदलेली गाडी पुण्यात आणली आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली, तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो. अर्ज मालकाच्या सहीनं होतो, म्हणून एचआरच्या मागं आधीपासून लागावं लागतं.

नोकरी सोडताना गाडी परत द्यायची, उरलेली रक्कम भरून विकत घ्यायची की नव्या कंपनीकडे वळवायची, हे करारावर ठरतं. मुदतीआधी लीज मोडण्याचा आकडा अनेकांना राजीनामा दिल्यावर कळतो. परत देत असाल तर किलोमीटरचा आकडा, तारीख आणि वेळ लिहिलेली पोच घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा आणि तुमच्या खात्याला जोडलेला फास्टॅग बंद करा. नंतर त्या गाडीचं चलन आलं, तर दाखवायला हीच पोच कामी येते.