बंद ठेवलेला दुवा

संगणकांचे जाळे विणताना एखादी तार तुटली तरी काम अडू नये, म्हणून पर्यायी मार्ग ठेवावा लागतो. इथरनेटमध्ये मात्र हा पर्यायच घातक ठरू शकतो. इथरनेटच्या संदेशावर आयुर्मर्यादेची नोंद नसते. मार्गांचे वर्तुळ पूर्ण झाले की सर्वांना उद्देशून पाठविलेला संदेश त्यात फिरतच राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत सारे जाळे ठप्प होते.

१९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये रेडिया पर्लमन यांनी यावर 'स्पॅनिंग ट्री' ही पद्धत शोधली. तीत स्विच आपसांत एक प्रमुख निवडतात व जादा मार्ग बंद ठेवतात. १९९० मध्ये तिला ८०२.१डी हे प्रमाणरूप मिळाले. परंतु तार तुटल्यावर पर्याय सुरू होण्यास ३० ते ५० सेकंद लागत. शिवाय प्रमुख कोण हे व्यवस्थापकाने ठरवून दिले नाही, तर सर्वांत लहान पत्त्याचा, म्हणजे अनेकदा सर्वांत जुना स्विच प्रमुख होतो. सेवाज्येष्ठतेचा हा न्याय शासकीय मंडळींना अपरिचित नाही!

नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचे जाळे कोलमडले. वर्षानुवर्षे जोडण्या वाढत गेल्या होत्या आणि ते या पद्धतीच्या मर्यादेपलीकडे पसरले होते. सुमारे चार दिवस रुग्णालयास कागदावर कारभार चालवावा लागला. माहिती-विभागाचे प्रमुख जॉन हलाम्का यांनी मात्र चुका न लपवता जाहीरपणे मांडल्या.

वर्तुळाकार जाळ्यांसाठी २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जी.८०३२ हे प्रमाण दिले. त्यात वर्तुळाचा एक दुवा हेतुपुरस्सर बंद ठेवतात व त्याची जबाबदारी एकाच स्विचवर सोपवितात. अन्यत्र तार तुटली की शेजारचे स्विच वर्दी देतात आणि राखीव दुवा खुला होतो. १६ पेक्षा कमी स्विच व १२०० किलोमीटरपेक्षा कमी घेर असल्यास हे ५० मिलिसेकंदांत व्हावे, असे उद्दिष्ट आहे. तार सांधल्यावर मात्र घाई नाही. पूर्वस्थितीवर येण्याआधी सामान्यतः ५ मिनिटे थांबतात, कारण कच्चा सांधा पुनःपुन्हा तुटू शकतो.

कोणता दुवा बंद, जबाबदार कोण आणि किती थांबावे, हे तिन्ही निर्णय यंत्र चालू करण्यापूर्वी माणसाने घ्यावयाचे असतात. ते लेखी असावेत, आणि एखाद्या शांत दिवशी तार स्वतः काढून त्यांची परीक्षा घ्यावी. राखीव व्यवस्था केवळ नकाशावर असून भागत नाही.