केतकरांचा ‘ब्रह्मा’ आणि प्लूटो

व्यंकटेश बापूजी केतकरांचं नाव आपण ऐकतो ते बहुधा पंचांगाच्या संदर्भात. ‘ज्योतिर्गणित’ हा संस्कृत ग्रंथ त्यांचाच. याच केतकरांनी १९११ साली फ्रेंच खगोल संस्थेच्या पत्रिकेत लिहिलं, की नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत. नावंही दिली, ब्रह्मा आणि विष्णू. पृथ्वी-सूर्य अंतर एक धरलं तर ब्रह्माचं सरासरी अंतर ३८.९५ आणि एका प्रदक्षिणेला २४२.२८ वर्षं. १९३० साली टॉमबॉंना प्लूटो सापडला. त्याचं अंतर सुमारे ३९.५, काळ २४८ वर्षं. त्याच वर्षी केतकर गेले.

मग प्लूटोचं भाकीत आपल्या माणसानं केलं, असं म्हणावं का? आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी; उत्तर बरोबर आलं तरी रीत तपासतो.

केतकरांचा आधार लाप्लास. गुरूचा चंद्र गॅनिमीड एक फेरी मारतो तेवढ्यात युरोपाच्या दोन होतात, आयोच्या चार. असाच मेळ युरेनस, नेपच्यून आणि पुढच्या ग्रहात असणार, हा त्यांचा तर्क. याला म्हणतात अनुनाद. तुम्ही चाकणच्या कारखान्यांतली माणसं. यंत्र ठराविक वेगाला आलं की थरथरतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. बारीक धक्के नेमके वेळेवर बसले की साचत जातात. हॅमिल्टनच्या पद्धतीनं ग्रहांचं गणित मांडलं, की पूर्णांकांच्या अशा गुणोत्तरांपाशीच ते अडतं. प्वाँकारेंनी ही अडचण नीट दाखवली.

पण अनुनाद कधी राखणही करतो. प्लूटो काही काळ नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ असतो, तरी टक्कर होत नाही. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन. हा मेळ दोघांना लांब ठेवतो. १९६५ साली संगणकावर हे सिद्ध झालं. म्हणजे मेळ आहेच, पण केतकरांनी मांडलेला तिघांचा नव्हे.

शिवाय ल वेरियेनं १८४६ मध्ये नेपच्यून आकाशात कुठे दिसेल ते सांगितलं होतं. केतकरांनी फक्त अंतर आणि काळ दिला. दुर्बीण कुठे रोखायची, ते त्यातून कळत नाही.

आमचं म्हणणं एवढंच, की ग्रहांच्या काळांत नातं शोधावं ही केतकरांची दृष्टी खरी होती, आकडा जुळला तो योगायोग. आणि ब्रह्मा त्यांच्या जमेला धरायचा, तर विष्णूही हिशेबात घ्यावा लागेल. तो आजवर सापडलेला नाही.