चिखलातली बाग राखणारे हात



आपल्यापैकी अनेकींचं कोणी ना कोणी मुंबईत असतं. कुणाचा भाऊ घाटकोपरला, कुणाची नणंद मुलुंडला. त्यांच्याकडे जाताना पूर्व द्रुतगती महामार्गावर, विक्रोळीच्या आसपास, खाडीच्या बाजूला एक हिरवा पट्टा दिसतो. बोरिवलीहून गोराईच्या होडीत बसलं तरी काठाला तेच हिरवं. अंधेरीला वेसाव्याच्या खाडीकडे गेलं तरी तेच. झुडपं आहेत, चिखल आहे, असं म्हणून आपण मान फिरवतो. आज त्याच झुडपांचा इतिहास आम्ही तुम्हाला सांगणार आहोत. कारण ती आज उभी आहेत ती आपोआप नाही. ती राखायला माणसं लागली.

या झाडांना सरकारी कागदात कांदळवन म्हणतात, शाळेच्या पुस्तकात खारफुटी. खाडीकाठची माणसं मात्र एकेका झाडाला नावानं ओळखतात. तिवर, कांदळ, चिप्पी. ठाण्याच्या खाडीत तिवरच फार. कांदळ आणि चिप्पी त्या मानानं थोडी. पांढऱ्या चिप्पीचं फूल संध्याकाळनंतर उमलतं, पांढऱ्या तंतूंचा झुबका जणू. रात्री वटवाघळं आणि पतंग त्यावर येतात आणि सकाळी तंतू गळून पडतात. फळ हिरवं, खाली चांदणीसारखी टोपी. २०२० मध्ये महाराष्ट्रानं या पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. देशात असा मान देणारं आपलं पहिलं राज्य.

पण हा मान मिळायला फार काळ गेला. जुन्या काळी वेसावे, मनोरी, गोराई, भांडुप इथल्या कोळी आणि आगरी घरांचा संसार या चिखलावर चाले. ओहोटी लागली की बायका टोपली घेऊन कालवं, शिंपल्या, खेकडे गोळा करायला जात. सुकलेलं तिवराचं लाकूड चुलीला येई. या मुळांच्या जाळीतच कोळंबीची आणि माशांची पिल्लं मोठी होतात, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. कागदावर मात्र याच जमिनीला खाजण म्हणत, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी, पिकाला निरुपयोगी. एकदा निरुपयोगी म्हटलं की बुजवायला कुणाची हरकत राहत नाही. भांडुप, कांजूर, मुलुंडकडे मिठागरं झाली. पुढे शहर वाढलं तसा भराव पडला, कचरा पडला, इमारती उठल्या.

सगळीकडेच असं झालं असं नाही. विक्रोळीला गोदरेज कुटुंबाच्या जमिनीला लागून खाडीचा मोठा पट्टा होता. तो त्यांनी तोडला नाही. १९८५ मध्ये तिथे सूनाबाई पिरोजशा गोदरेज यांच्या नावानं सागरी परिसंस्थेचं केंद्र सुरू झालं. महामार्गावरून दिसणारं ते हिरवं बरंचसं त्यामुळेच टिकलं.

मग आली २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे माण, खटावच्या भागात वर्षभरातही एवढा पडत नाही. माणसं गेली, घरं गेली. त्या पुराला कारणं अनेक होती. पण मिठी नदीच्या तोंडाशी पाणी पसरायला जी कांदळवनाची आणि दलदलीची जागा होती, तीच भराव घालून बुजवलेली होती, हे तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं.

इथे एक गोष्ट नीट ऐका. पुराच्या आधीच, २००४ मध्ये, बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था कांदळवनासाठी उच्च न्यायालयात गेली होती. ६ ऑक्टोबर २००५ रोजी न्यायालयानं राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली आणि त्याच्या भोवती ५० मीटरच्या आत बांधकाम करायचं नाही, असं सांगितलं. २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष झाला. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा भाग रोहित पक्ष्यांचं अभयारण्य ठरला. २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळ म्हणून जगाची मान्यता मिळाली. ज्या जमिनीला निरुपयोगी म्हटलं, तिचं नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं.

कायद्यानं तोड थांबते, पण झाड वाढत नाही. त्याला हात लागतात. खाडीत भरतीबरोबर प्लास्टिक येतं. तिवराची मुळं चिखलातून बोटांसारखी वर येतात. झाड त्यांतूनच श्वास घेतं. त्यांवर पिशव्या अडकल्या की झाड गुदमरतं. म्हणून मुंबईतले कॉलेजचे विद्यार्थी, निवृत्त माणसं, गृहिणी आणि कोळीवाड्यातली मुलं ओहोटीची वेळ पाहून चिखलात उतरतात आणि एकेक पिशवी सोडवतात. यातल्या बहुतेकांना पगार नाही.

रोपवाटिकेचं कामही आपल्या परसबागेसारखंच, फक्त पाणी खारं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि शेवग्याच्या शेंगेसारखं लांब लोंबतं. ती शेंग खाडीच्या चिखलानं भरलेल्या पिशवीत उभी खोचायची, कोंब वर ठेवून. चिप्पीचं तसं नाही. तिचं पिकलेलं फळ पाण्यात भिजवून कुस्करायचं, आतलं बारीक बी वेगळं काढायचं आणि चिखलाच्या वाफ्यात पेरायचं. भात पेरलेल्या बाईला हे एका सकाळी जमेल.

जमत नाही ते जागा निवडणं. लावायच्या उत्साहात कुठेही लावलं की रोप मरतं. फिलिपिन्स देशात लाखो रोपं समुद्रकाठच्या उघड्या चिखलात लावली गेली. तिथे पाणी फार वेळ उभं राहत होतं, म्हणून त्यांतली पुष्कळशी मेली. शिवाय उघडा चिखल ही पक्ष्यांची खायची जागा असते. तीच आपण झाडांनी भरली तर रोहित पक्षी जातील कुठे? म्हणून शहाणी माणसं आधी विचारतात, इथे पूर्वी काय होतं? आणि त्याचं उत्तर बहुधा एखाद्या म्हाताऱ्या कोळणीकडेच असतं.

अशीच गोष्ट दूर अमेरिकेतही घडली. लुईझियाना राज्यातल्या दलदलीत आयरिस नावाची निळी-जांभळी फुलं येतात. कंद आल्यासारखा आडवा वाढतो. १९२५ मध्ये न्यूयॉर्कचे वनस्पतितज्ज्ञ जॉन स्मॉल यांना रेल्वेच्या खिडकीतून न्यू ऑर्लिन्सजवळ या फुलांचे पट्टेच्या पट्टे दिसले. पुढे शहर वाढलं आणि दलदल बुजली. तेव्हा मेरी डिबेयॉन नावाच्या बाईनं चिखलात उतरून हे कंद आणले आणि आपल्या बागेत जपले. ती १९४० मध्ये गेली. तिची झाडं तिची मैत्रीण कॅरोलिन डॉर्मन हिनं सांभाळली. १९४१ मध्ये मेरीच्या नावानं मंडळ निघालं. आजही तिथले हौशी बागकाम करणारे लोक, जिथे भराव पडणार आहे तिथून कंद काढतात आणि राखीव दलदलीत लावतात. बागेत जपलेलं बी शेवटी त्याच्या पाण्यात परत गेलं पाहिजे, हे त्यांनाही उमगलं.

आणि आपल्याच सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत, स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. कोणतं झाड कोणतं, ते सांगतात. झाड उभं राहिलं तर घरात चार पैसे येतात, हे त्यांनी करून दाखवलं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे खाडी नाही. पण ओढा आहे, गावतळं आहे, पाणवठ्याची दलदल आहे. तिथेही कमळं, कुमुदिनी, लव्हाळे आणि नाव न ठाऊक असलेली कितीतरी झाडं आहेत. तीही कुठल्या तरी कागदावर पडीक म्हणून लिहिलेली असतील. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं गावातल्या झाडाझुडपांची लोक नोंदवही ठेवायला हवी. ग्रामसभेत ती वही मागा. वही असेल तर तुमच्या पाणवठ्याचं पान उघडा. नसेल तर ती सुरू करायचा आग्रह धरा.

त्याआधी एक काम गटाच्या पुढच्या बैठकीतच करता येईल. गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला मध्ये बसवा. ओढ्याकाठी तिच्या लहानपणी काय उगवायचं, त्याला काय म्हणायचे, ते कशाला उपयोगी पडायचं, हे तिला विचारा. जिला लिहिता येतं तिनं लिहून घ्या. मग सगळ्या मिळून ओढ्यावर जा आणि त्यातलं काय अजून उभं आहे ते बघून या.