थ्रेड : मेहूण, शके १२१९

‘ओव्हर द मून’ (२०२०) या ॲनिमेशनपटात आई गमावलेली मुलगी रॉकेट बांधून चंद्रदेवतेकडे जाते. तिथे पाहते तो देवताच गेलेल्या प्रियकरासाठी झुरते आहे! सांत्वन ज्याच्याकडे मागावे तोच शोकाकुल, हा प्रसंग आमच्या बोदवडच्या उत्तरेस, तापीकाठच्या मेहूणला फार जुना आहे.

कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८ (इ.स. १२९६) : आळंदीस ज्ञानेश्वरांची समाधी. महिन्याने सासवडला सोपानदेव. पुढच्या वैशाखात, परंपरा सांगते, मेहूणला वीज कडाडली आणि अठरा वर्षांची मुक्ताबाई दिसेनाशी झाली. मागे देहही उरला नाही.

उरले निवृत्तिनाथ, थोरले बंधू, आणि भावंडांचे गुरूही. नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत हे गुरूच ज्ञानेश्वरांसाठी व्याकूळ होतात. त्या अभंगांच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मला तो वाद येथे गौण वाटतो. ज्यांनी हे अभंग शतकानुशतके जपले, त्यांना गुरूचे अश्रू झाकावेसे वाटले नाहीत.

ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांनीही समाधी घेतली. कोथळीहून मुक्ताबाईची पालखी आजही आषाढीसाठी पंढरपूरची वाट धरते.