शिक्के ठेवायचे कुठे?

कागदकामाची हौस असलेल्या माणसाच्या खोलीत गेलात, तर कात्री, गोंद, रंगीत कागद नंतर दिसतात. आधी दिसतात डबे. शुभेच्छापत्रांवर उमटवायचे शिक्के, कागदातून पानं-फुलं कापून काढणाऱ्या पातळ धातूच्या डाय, सगळं पाकिटांत, खणांत, चुंबकाच्या पत्र्यांवर लावून ठेवलेलं. कार्ड एखादं बनतं, मांडामांड मात्र रोज चालते. अमेरिकेत तर निव्वळ या मांडामांडीचं सामान विकणारा बाजार उभा आहे. बघणाऱ्याला हसू येतं, पण या खटाटोपाचं कुळ हजार वर्षांइतकं जुनं आहे. त्या कुळात एक खोड पिढ्यानपिढ्या चालत आलेली दिसते. वस्तू आधी होते आणि मग तिच्यासाठी जागा शोधतात, असं आपण धरून चालतो. या घराण्यात बहुतेक वेळा जागेनंच वस्तूचा आकार ठरवला.

मूळपुरुष चिनी. अकराव्या शतकात, 1041 ते 1048च्या दरम्यान, बी शेंग नावाच्या एका सामान्य माणसानं भाजलेल्या मातीचे सुटे अक्षरशिक्के केले. शेन क्वो या विद्वानानं त्याची हकीगत लिहून ठेवली, म्हणून ती आपल्याला कळते. नेहमी लागणाऱ्या अक्षरांचे वीस-वीसहून अधिक शिक्के केलेले असत. काम नसताना ते यमकांच्या गटांनुसार लावून, गटागटाला कागदाची चिठ्ठी चिकटवून लाकडी चौकटीत ठेवत. म्हणजे शिक्क्यांच्या पहिल्या वृत्तांतातच कप्पे आणि लेबलं आली आहेत.

पण खरा उस्ताद वांग चेन. आन्हुइ प्रांतातल्या एका तालुक्याचा हा अधिकारी. त्यानं लाकडाचे सुटे शिक्के कोरून घेतले आणि 1298 साली आपल्या भागाचा साठ हजारांवर अक्षरांचा वृत्तांत छापला. शंभर प्रती महिनाभरात निघाल्या. चिनी लिपीत अक्षरं हजारोंनी, तेव्हा ती शोधत खोलीभर हिंडायचं तर दिवस उलटून जायचा. वांग चेननं सात चिनी फूट व्यासाची दोन गोल फिरती मेजं केली, त्यांवर यमकांच्या क्रमानं शिक्के मांडले आणि मधे एक माणूस बसवला. एकानं यादीतून आकडा पुकारायचा, बसलेल्यानं मेज फिरवून शिक्का उचलायचा. माणसानं अक्षराकडे जाणं अवघड, अक्षरानं माणसाकडे यावं, असा त्याचा हिशोब होता. 1313च्या आपल्या शेतीविषयक ग्रंथाला त्यानं या छपाईची पुरवणी जोडली आहे. नांगर-मोटांच्या पुस्तकात छापखान्याचं फर्निचर कशाला, असं कुणी विचारलं असेल तर त्याला माझी सहानुभूती आहे. पण बरं झालं त्यानं ऐकलं नाही.

आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत टेबलावर एक फिरतं झाड असतं, त्याच्या फांद्यांना ‘आवक’, ‘जावक’, ‘खरी प्रत’ असे रबरी शिक्के लटकलेले असतात. वांग चेनशी त्याचं नातं कागदोपत्री दाखवता येणार नाही. तोंडावळा मात्र तोच.

युरोपात अक्षरं थोडी, म्हणून मेजाऐवजी उथळ लाकडी खोका, म्हणजे केस, पुरला. जोसेफ मॉक्सननं 1683 साली लंडनमध्ये छापखान्याच्या कामावरचं आपलं पुस्तक काढायला घेतलं, त्यात या केसची मापं आणि खणांची रचना दिली आहे. उतारावर दोन केसी ठेवायच्या. वरच्या केसीत मोठी अक्षरं, खालच्या केसीत छोटी. खालच्या केसीतले खण सारखे नसतात आणि वर्णमालेच्या क्रमानंही नसतात. इंग्रजीत ‘ई’ सर्वांत जास्त लागतो, म्हणून त्याचा खण सर्वांत मोठा आणि हाताशी. ‘झेड’ आणि ‘क्यू’ कडेला पडलेले. कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारा, खणाकडे बघत नाही, हाताला रस्ता पाठ असतो. वरच्या केसीत मात्र वर्णमालेचा क्रम आहे, आणि त्यात एक गंमत आहे. ‘जे’ आणि ‘यू’ हे ‘झेड’च्या नंतर, अगदी शेवटी येतात. ही दोन अक्षरं ‘आय’ आणि ‘व्ही’पासून वेगळी धरायला लागले तोवर खणांची मांडणी पक्की झाली होती. नव्यांसाठी जुन्यांना सरकवायचं तर प्रत्येक कामगाराच्या बोटांना नव्यानं शिकवावं लागलं असतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दोन केसींची एक झाली. कॅलिफोर्निया केस म्हणतात तिला, 89 खणांची. तिच्यातही ‘जे’ आणि ‘यू’ शेवटीच बसले आहेत.

हा खोका मराठी मुलखात आला तेव्हा खरी पंचाईत झाली. बारा स्वर, त्यांच्या काना-मात्रा-वेलांट्या, तीसवर व्यंजनं आणि मग जोडाक्षरं. प्रत्येक रूपाला वेगळा खिळा, म्हणजे धातूचा अक्षरशिक्का, ओतायचा म्हटलं तर खिळे शेकड्यांनी होतात, आणि तेवढे खण एका माणसाच्या हाताच्या टप्प्यात मावत नाहीत. जुळाऱ्यापुढे समोर, डावी-उजवीकडे केसी मांडायच्या आणि तो मधे उभा. वांग चेनचा माणूस निदान बसून काम करत होता.

यावर मुंबईत डिग्री पद्धतीचे खिळे वापरात आले. मूळ अक्षराचा खिळा बुटका करायचा; वरची मात्रा-वेलांटी आणि खालचा उकार-रुकार यांचे स्वतंत्र, बारीक खिळे करायचे. मग एक ओळ जुळवायची म्हणजे वास्तविक तीन पट्ट्या जुळवायच्या: मधे अक्षरं, वर मात्रा, खाली उकार, आणि जिथे काहीच नाही तिथे कोरे तुकडे भरून पोकळी बुजवायची. खण कमी झाले, मेहनत वाढली. शिवाय ते बारीक तुकडे नाजूक. जुन्या मराठी पुस्तकांत मात्रा उडालेली, अनुस्वार हरवलेला दिसतो तेव्हा आपण मुद्रितशोधकाला बोल लावतो. पुष्कळदा तो दोष एखाद्या झिजलेल्या खिळ्याचा असतो. याउलट अखंड पद्धतीत चिन्ह अक्षरासकट एकाच खिळ्यावर. दिसायला सुबक, जुळवायला सोपं, पण खणांची संख्या पुन्हा फुगलेली.

जावजी दादाजींनी या धातूच्या अक्षरांना देखणेपण दिलं. 1839 साली जन्मलेला हा मुलगा पोरवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात नोकरीला लागला, पुढे त्यानं स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला, आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना. त्यांचे जोडीदार राणूजी आरू यांनी कोरलेल्या पंचांवरून, म्हणजे मूळ ठशांवरून, निघालेली अक्षरं देशभर गेली. संस्कृत ग्रंथ वाचणाऱ्या कितीतरी पिढ्यांच्या डोळ्यांत देवनागरीचं जे रूप बसलं आहे, ते या माणसांचं.

पुण्यात केसरी निघाला 1881 साली. त्या दिवसांत छापखाना हलवायची वेळ आली, तेव्हा टिळक-आगरकरांनी खिळ्यांच्या केसी स्वतःच्या खांद्यावरून वाहून नेल्या, असं चरित्रांत सांगतात. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूनं भरलेली केस उचलून बघितलेल्या माणसाला या आठवणीचं वजन वेगळं सांगायला नको. पुढे टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याची योजना आखली, यात त्या खांद्याचा काही वाटा असावा अशी मला आपली शंका आहे. सावरकर आणखी पुढे गेले. इ, ई, उ, ऊ, ए यांना स्वतंत्र खण कशाला? ‘अ’लाच वेलांट्या, उकार, मात्रा लावा: अि, अी, अु, अू, अे. व्याकरण, परंपरा, सौंदर्य यांवरून त्यावर भरपूर वाद झाले. पण त्या सुधारणेमागे छापण्याची आणि टंकलेखनाची सोय होती. खण वाचवण्यासाठी लिपीच बदलून घ्यायची, हे धाडस जगातल्या फार थोड्या कपाटांनी केलं असेल.

रबरी शिक्का या घराण्यातला धाकटा. चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती 1839 साली सापडली, पेटंट मिळालं 1844 साली. या रबराच्या कवळ्या होऊ लागल्या आणि अमेरिकन दंतवैद्यांकडे रबर शिजवायची छोटी भांडी आली. 1860च्या दशकात कुणीतरी त्याच भांड्यात शिक्का शिजवला. पहिला कोण, यावर दावे-प्रतिदावे झाले. पण कृती सगळ्यांची एकच होती. खिळे जुळवायचे, त्यांचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यात रबर दाबून शिजवायचं. म्हणजे शिक्का खिळ्याच्याच पोटचा, फक्त मऊ झालेला.

शंभर वर्षं तो कचेरीत राबला. 1970च्या दशकात अमेरिकेत कलावंत आणि हौशी मंडळींनी त्याला घरी आणला. 1978 साली या छंदावर एक सजलेलं पुस्तक निघालं, 1980 साली त्याला वाहिलेलं मासिकही सुरू झालं. त्याच सुमारास ऑफसेटनं शिशाच्या खिळ्यांना हद्दपार केलं होतं. शिसं वितळवून विकलं गेलं, रिकाम्या केसी भंगारात आल्या. हॉलंडमध्ये त्या भिंतीला टांगून खणाखणांत चिमुकल्या वस्तू ठेवायची साथ आली, आणि शिक्केवाल्यांनी आपले छोटे शिक्के त्यांत लावले. नातू आजोबांच्या वाड्यात राहायला गेला.

फार दिवस टिकला नाही. हौशी शिक्का लाकडाच्या ठोकळ्यावर बसवलेला असे. वर चित्राचा ठसा, म्हणजे न उलटता ओळखता यावा. असे शिक्के एका थरात, रबर खाली करून, उन्हापासून दूर ठेवायचे. शंभर-दोनशे शिक्के झाले की खणांची कपाटं आली, हजार झाले की खोली. वास्तविक चित्र उमटवणारं रबर दोन-तीन मिलिमीटरचं. बाकी सगळी जागा लाकडानं अडवलेली. तेव्हा लोकांनी लाकूडच सोडवून टाकलं. रबराच्या पाठीला चिकट फोम लावायचा, लागेल तेव्हा अॅक्रिलिकच्या एका ठोकळ्यावर चिकटवायचा, काम झालं की सोलून परत ठेवायचा. मग आला पारदर्शक शिक्का. अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या फोटोपॉलिमरचा हा शिक्का आपल्याच चिकटपणानं ठोकळ्याला धरून राहतो, धूळ बसून चिकटपणा गेला तर साबणानं धुतला की परत येतो. शिवाय आरपार दिसत असल्यानं ठसा नेमका कुठे पडणार ते कळतं. या दिसण्याचं कौतुक जाहिराती फार करतात. मला वाटतं, त्याचं निम्मं यश कपाटाचं आहे. एका ठोकळ्यात शंभर शिक्क्यांचं काम भागलं.

आता हे पातळ शिक्के ठेवायचे कशात? सीडीच्या डब्यांत. फिलिप्स आणि सोनीनं 1982 साली बाजारात आणलेल्या तबकडीचा तो पारदर्शक डबा, सव्वाचौदा सेंटिमीटर लांब, साडेबारा रुंद, एक जाड. गाणी तबकडीतून उठून संगणकात जायला लागली आणि डबे घराघरांत रिकामे पडले. कण्यावर नाव लिहायची सोय, उभे लावायची सोय. पुढे पारदर्शक पाकिटं आली, आणि ती फ्रिजमधल्या लांबट टोपल्यांत उभी लावून बोटांनी चाळायची रीत पडली. कागद आडवे रचण्याऐवजी उभे ठेवून चाळावेत ही कल्पना 1893च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात बक्षीस घेऊन गेली होती. शिक्क्यांना तिथवर यायला शतक लागलं.

डायची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिचं वळण तेच आहे. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर हा स्कॉटिश कारखानदार बियांच्या कागदी पिशव्या करी. 1879 साली यंत्रातली धातूची पट्टी जास्त वर आली आणि पिशव्या घडी पडायच्या ऐवजी कापल्या गेल्या. नुकसान झालं, पण एकाच दाबात कापणं आणि घडी पाडणं जमेल हे गेअरला सुचलं, आणि पुठ्ठ्याच्या घडीच्या खोक्यांचा धंदा उभा राहिला. आपल्याकडच्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यांत हेच काम ‘पंचिंग’ म्हणून चालतं: लाकडाच्या फळीत वाकवून बसवलेली पोलादी धार. एलिसन या कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं 1977च्या सुमारास शाळांसाठी हाताचं यंत्र काढलं, म्हणजे बाईंना फळ्यावरची अक्षरं कात्रीनं कापत बसायला नको. 2001 साली तिनंच सिझिक्स नावानं घरगुती यंत्र आणलं. त्या डाय जाड, फोममध्ये पुरलेल्या, पुस्तकांसारख्या रांगेत लावायच्या. दहा-बारा घेतल्या की फळी भरली. मग इथेही लाकूड-फोम गळून पडलं आणि रसायनानं कोरलेल्या, मिलिमीटरहून पातळ पोलादी डाय आल्या. एकात एक बसणारी दहा वर्तुळं आता तळहाताएवढ्या जागेत राहतात.

या डाय उघड्या ठेवल्या तर वाकतात, हरवतात. म्हणून चुंबकाचे लवचीक पत्रे. फेराइटची पूड रबरात मिसळून केलेले हे पत्रे एकाच बाजूनं धरतात, कारण त्यांचे उत्तर-दक्षिण ध्रुव त्याच बाजूला बारीक पट्ट्यांनी आलटून पालटून चुंबकित केलेले असतात. दोन पत्रे एकमेकांवर सरकवले तर हाताला टकटक जाणवते ती त्या पट्ट्यांची. असे फेराइट चुंबकही फिलिप्सच्याच प्रयोगशाळेतून 1950च्या सुमारास पुढे आले. हॉलंडमधल्या त्या कंपनीला कल्पनाही नसेल की तिची दोन अपत्यं एका छंदाच्या कपाटात शेजारी राहतील.

सध्या या मंडळींत एकच वाद पेटलेला असतो. बऱ्याच शिक्क्यांबरोबर त्यांच्याच बाह्यरेषेची डाय मिळते: आधी ठसा, मग त्याच्याभोवती कापणं. ही जोडी एका पाकिटात ठेवायची, मधे चुंबकाचं कार्ड घालून? की शिक्के एकीकडे आणि डाय दुसरीकडे? एकत्र ठेवली तर हाताला पटकन मिळते, पण पाकीट फुगतं, आणि कुठल्याही शिक्क्याला चालणारी साधी वर्तुळ-चौकोनाची डाय कुणाच्या पाकिटात घालायची हा प्रश्न उरतोच. वेगळी ठेवली तर जागा वाचते आणि प्रत्येक वेळी दोन ठिकाणी शोधावं लागतं. निर्णयसागराच्या काळातला एखादा म्हातारा जुळारी हे ऐकत बसला असता तर त्यानं विडी विझवून एवढंच विचारलं असतं: अखंड की डिग्री?